छातीत झडप आणि अंगात ताप

धार आणि देवास ही नावे मराठी माणसाच्या कानाला परकी नाहीत. पवारांच्या गाद्या तिथे होत्या आणि त्यांच्यामागून गेलेली मराठी घरे आजही माळव्यात नांदत आहेत. जमीन काळीभोर. पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात गहू, हरभरा, लसूण. दारात एखादी माळवी गाय नाहीतर म्हैस, आणि डोंगराकडच्या वस्त्यांवर शेळ्या. आपल्याकडच्या शेतकऱ्याचे जिणे आणि तिकडच्या शेतकऱ्याचे जिणे यांत फारसा फरक नाही. म्हणून आज जे सांगायचे आहे ते धार-देवासचे उदाहरण घेऊन सांगत असलो, तरी वाचकांनी ते आपल्याच गावचे समजावे.

समजा, देवास जिल्ह्यात बागलीकडे राहणारा ३५ वर्षांचा एक शेतकरी आहे. चार वर्षांपूर्वी त्याच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवण्याची गोळी तो रोज घेतो, आणि आता पूर्वीसारखा शेतात राबतो. श्रावणात सोयाबीन निंदताना पायात काटा मोडला. चार दिवसांनी तिथे गळू झाले. ते फुटले, त्यावर हळद दाबली, विषय संपला. पुढच्या आठवड्यात थंडी वाजून ताप आला. गावातल्या दवाखान्यात एक इंजेक्शन, एक सलाईन आणि पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. ताप उतरला. दहा दिवसांनी पुन्हा चढला. पुन्हा इंजेक्शन, दुसऱ्या गोळ्या, पुन्हा उतार. बायको म्हणाली, “अहो, एकदा इंदूरला दाखवून येऊ या.” तो म्हणाला, “पावसाळी ताप आहे, जाईल. सोयाबीन निघू दे.” सोयाबीन निघायच्या आतच एके सकाळी त्याची जीभ अडखळू लागली आणि उजवा हात उचलेना.

हा माणूस आम्ही उदाहरणासाठी उभा केला आहे. पण ज्या डॉक्टरांकडे झडपेचे रोगी येतात त्यांना ही हकीकत नवी वाटणार नाही. यात चूक कुणाची? काटा तर कुणालाही मोडतो. गळू तर घरोघरी होते. ताप आल्यावर माणूस दवाखान्यात गेला, हेही बरोबरच केले. चुकले ते एवढेच की, छातीत झडप असलेल्या माणसाचा ताप हा साधा ताप नसतो, ही गोष्ट त्यालाही ठाऊक नव्हती आणि त्याने ती दवाखान्यातही सांगितली नाही. म्हणून त्याचे रक्त तपासण्याआधीच त्याला औषध मिळाले.

झडप बदलावी का लागते?

हृदयात चार झडपा असतात. रक्त पुढे जावे, मागे फिरू नये, म्हणून त्या दारासारख्या उघडतात आणि मिटतात. परदेशात म्हातारपणी झिजलेल्या झडपा बदलाव्या लागतात. आपल्या खेड्यांत मात्र तरुणांच्या झडपा खराब झालेल्या दिसतात. त्याचे मोठे कारण म्हणजे लहानपणचा ऱ्हुमॅटिक ताप. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा विशिष्ट जंतूंनी सुजतो, त्यावर नीट उपचार होत नाहीत, दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजून ताप येतो आणि त्या आजाराचा घाव हृदयाच्या झडपांवर पडतो. सांधे बरे होतात. झडप कायमची अधू होते. जिथे घरे लहान, माणसे दाटीने राहणारी आणि दवाखाना दूर, तिथे हा रोग अधिक.

एके काळी कृत्रिम झडप परदेशातून येई आणि ती गरिबाच्या आवाक्यात नसे. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय झडप बनवण्याचा ध्यास घेतला. त्यांचे पहिले तीन नमुने फसले, चौथा टिकला. ६ डिसेंबर १९९० रोजी ही झडप पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसवण्यात आली. टणक धातूची चौकट, त्यात हलणारी प्लास्टिकची चकती, आणि हृदयाला शिवण्यासाठी भोवताली कापडाचे कडे, अशी तिची रचना आहे. त्या कापडाच्या कड्याचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे, तो लक्षात ठेवावा.

दुसरे यंत्र म्हणजे पेसमेकर. हृदयाचे ठोके मंदावले की तो विजेचा हलका झटका देऊन त्यांना गती देतो. खांद्याखाली कातडीच्या आत एक डबी बसवतात आणि तिच्यातून निघालेल्या तारा शिरेवाटे हृदयात सोडतात. शरीराच्या आत बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधल्या आर्ने लार्सन यांना मिळाला. तो काही तासांतच बंद पडला. पुढे आयुष्यभरात त्यांना वीसहून अधिक पेसमेकर बसवावे लागले; पण ते जगले, कामधंदा केला आणि २००१ साली वयाच्या ८६ व्या वर्षी वेगळ्याच आजाराने वारले. म्हणजे यंत्रावर माणूस उत्तम जगू शकतो. प्रश्न यंत्राचा नाही, त्याच्या राखणीचा आहे.

जंतू तिथे जाऊन का बसतात?

आपल्या रक्तात अधूनमधून थोडेफार जंतू शिरतातच. दात घासताना हिरडीतून रक्त आले, बोटाला नखुरडे झाले, की काही जंतू आत जातात. निरोगी शरीर त्यांचा थोड्याच वेळात फडशा पाडते. पण धातू, प्लास्टिक आणि कापड यांना जीव नसतो. त्यांच्यात रक्त खेळत नाही, म्हणून शरीराचे रक्षक तिथे नीट पोहोचत नाहीत. जंतूला अशी जागा सापडली की तो तिला चिकटतो, वाढतो आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतो.

विहिरीच्या पायरीवरचे शेवाळ आठवावे. वरून कितीही पाणी ओतले तरी ते जात नाही. खरवडून काढावे लागते. झडपेच्या कापडी कड्यावर किंवा पेसमेकरच्या तारेवर जंतूंचा थर बसला की तसेच होते. रक्तातले मोकळे जंतू औषधाने मरतात, ताप उतरतो, आणि रोगी बरा झाला असे सर्वांना वाटते. थराखालचे जंतू मात्र जिवंत राहतात. औषध थांबले की ते पुन्हा रक्तात येतात. आपल्या उदाहरणातल्या शेतकऱ्याचा ताप दोनदा उतरून पुन्हा का चढला, हे आता ध्यानात येईल. त्याच थराचे तुकडे सुटून रक्तात वाहत जातात. तुकडा मेंदूच्या शिरेत अडकला की अर्धांगवायू होतो.

सगळे जंतू सारखे नसतात. गळवात, केसतुडात, चिघळलेल्या जखमेत जो स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू असतो, तो या बाबतीत सर्वांत वाईट. सुमारे एक तृतीयांश निरोगी माणसांच्या नाकात तो मुक्कामाला असतो आणि काही त्रास देत नाही. कातडी फाटली की मात्र तो आत घुसतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या डॉक्टरांनी हा जंतू रक्तात सापडलेल्या रोग्यांचा अभ्यास केला. २००१ च्या अहवालात पेसमेकरसारखे यंत्र बसवलेले ३३ रोगी होते. त्यांतील १५ जणांच्या यंत्रालाच जंतूंनी धरल्याचे सिद्ध झाले. २००५ च्या अहवालात कृत्रिम झडपेचे ५१ रोगी होते; त्यांतील २६ जणांच्या हृदयात जंतुसंसर्ग झालेला आढळला. म्हणजे दोघांमागे जवळपास एक. उलट, लघवीच्या विकारात जे जंतू रक्तात उतरतात, ते यंत्राला चिकटण्याचे प्रमाण पुष्कळ कमी असते. म्हणून नुसते ‘रक्तात जंतू आहेत’ एवढे कळून भागत नाही. कोणता जंतू, हे कळावे लागते. आणि ते कळण्याचा मुख्य मार्ग एकच आहे.

आधी रक्त, मग औषध

हा मार्ग म्हणजे ब्लड कल्चर. वेगवेगळ्या शिरांतून दोन किंवा तीन वेळा रक्त घेतात आणि ते पोषक द्रव असलेल्या बाटल्यांत भरून उबेला ठेवतात. रक्तात जंतू असतील तर ते बाटलीत वाढतात. मग जंतू कोणता आणि कोणत्या औषधाने मरतो, हे प्रयोगशाळा सांगते. बियाण्याची उगवण तपासण्यासारखेच हे आहे. पण बियाणे आधीच भाजून ठेवले तर उगवेल काय? प्रतिजैविकाचे एक इंजेक्शन किंवा दोन दिवसांच्या गोळ्या पोटात गेल्यावर रक्त घेतले, तर पुष्कळदा बाटलीत काहीच वाढत नाही. जंतू हृदयात असतो. कागदावर मात्र ‘जंतू नाहीत’ असे लिहून येते. मग डॉक्टरांना अंदाजाने औषध द्यावे लागते, आणि अंदाज चुकला तर सहा आठवडे वाया जातात.

ही अडचण आपल्या देशात मोठी आहे. चंडीगढच्या पीजीआय संस्थेने १९८१ ते १९९१ या काळातील, हृदयाच्या आतल्या जंतुसंसर्गाच्या १८६ रोग्यांचा अहवाल १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचे सरासरी वय होते अवघे २५ वर्षे. आणि ज्यांच्या रक्तात जंतू वाढून दिसले असे रोगी निम्म्याहून कमी होते. रक्तात जंतू न सापडण्याची कारणे अनेक असतात. पण आधीच घेतलेली प्रतिजैविके हे त्यांतील प्रमुख कारण, याबद्दल डॉक्टरांत दुमत नाही.

म्हणून आजच्या लेखाचे सार एका ओळीत सांगायचे तर असे: हृदयात झडप किंवा पेसमेकर असलेल्या माणसाला ताप आला, तर आधी रक्त द्यावे, मग औषध घ्यावे.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. रोगी धापा टाकत असेल, शुद्ध हरपत असेल, हातपाय गार पडले असतील, तर औषधासाठी ताटकळत राहू नये. तेव्हा रक्त घेऊन लागलीच औषध सुरू करतात. रक्त घ्यायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. ‘रिपोर्ट येईपर्यंत औषध नको’ असा याचा अर्थ कुणी करू नये. ताप उतरण्यासाठी साधी पॅरासिटामोलची गोळी घ्यायला हरकत नाही; तिने कल्चर बिघडत नाही. मात्र घेण्यापूर्वी ताप मोजून तारखेसह लिहून ठेवावा.

जंतू कुठून येतो?

पहिली वाट पायाची. सोयाबीनची निंदणी आपण अनवाणी करतो. चिखलात भिजलेल्या भेगा, कुरूप, काटा, विळ्याची जखम, मधुमेह्याच्या तळव्याला न दुखता पडलेले छिद्र, या सगळ्या जंतूच्या वाटा आहेत. यंत्र असलेल्या माणसाने शेतात बूट घालावेत. संध्याकाळी पाय साबणाने धुऊन, कोरडे करून, दिव्याच्या उजेडात तळवे पाहावेत. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी. शेण, माती, तंबाखू, चुना तिच्यावर कदापि लावू नये. गळू पिळू नये, ब्लेडने फोडू नये. पूवाची जागा दिसली की डॉक्टरकडे जावे.

दुसरी वाट तोंडाची. किडलेला दात आणि पू येणारी हिरडी म्हणजे रोजचा जंतुपुरवठा. धार जिल्ह्याच्या काही भागांत पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याने दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. नुसत्या डागांनी हृदयाला धोका होत नाही. पण ‘आमचे दात असेच’ म्हणून सुजलेल्या हिरडीकडेही लोक दुर्लक्ष करतात, ते वाईट. सकाळ-रात्र ब्रशने दात घासावेत, तंबाखू-गुटखा सोडावा, वर्षातून एकदा दात दाखवावेत. कृत्रिम झडप असलेल्याने दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला झडपेविषयी सांगावे. अशा वेळी तासभर आधी प्रतिजैविकाची एक मात्रा देण्याची पद्धत आहे. नुसता पेसमेकर असेल तर दातासाठी ती लागत नाही. हे डॉक्टर ठरवतील. रक्त पातळ करणारी गोळीही आपल्या मनाने बंद करू नये.

तिसरी वाट सुईची. अशक्तपणा वाटला की सलाईन लावून घेण्याची सवय खेडोपाडी आहे. प्रत्येक सुई म्हणजे कातडीला पाडलेले भोक. शिवाय रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याला कमरेत इंजेक्शन दिले तर आत रक्त साकळते आणि तिथे पू होऊ शकतो. गरज नसताना सुई टोचून घेऊ नये.

गोठ्यातून येणारा ताप

चौथी वाट शेतकऱ्याची खास आहे, म्हणून तिच्याविषयी वेगळे लिहितो. म्हैस किंवा गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली, वार अडकली, तर आपण बाही वर करून उघड्या हाताने वार काढतो. जनावर गाभडण्याचे एक महत्त्वाचे कारण ब्रुसेला नावाचा जंतू असतो. तो वारेत, पाण्यात आणि दुधात असतो आणि हाताच्या लहानशा ओरखड्यातूनही माणसात शिरतो. मग आठवडेच्या आठवडे येणारा-जाणारा ताप, घाम, कंबर आणि सांधे दुखणे असा त्रास सुरू होतो. तो हृदयात उतरणे विरळाच; पण या रोगाने जे दगावतात त्यांत हृदयाला धरल्यामुळे दगावणारेच अधिक. शेळ्या-मेंढ्यांच्या वारेतून व गोठ्याच्या धुळीतून पसरणारा क्यू फीव्हर नावाचा दुसरा रोग आहे. तोही अधू किंवा कृत्रिम झडप असलेल्यांच्या हृदयात ठाण मांडतो.

धारोष्ण दूध अंगी लागते, असे आपले वाडवडील सांगत. पण झडप असलेल्या माणसाने, आणि खरे तर घरातल्या कुणीच, कच्चे दूध पिऊ नये. दूध उकळूनच प्यावे. यंत्र असलेल्याने जनावराचे बाळंतपण दुसऱ्याकडे सोपवावे. जो करील त्यानेही हातमोजे घालावेत. पडलेला गर्भ आणि वार कुत्र्यांना टाकू नये. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. कालवड किंवा पारडी चार ते आठ महिन्यांची असताना तिला ब्रुसेलाची लस द्यावी. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही लस धरलेली आहे. ही लस जिवंत जंतूंची असते, म्हणून टोचताना जनावर धरण्याचे काम झडपवाल्याने करू नये; चुकून सुई लागली तर माणसाला तोच रोग होतो.

आणि ताप आल्यावर डॉक्टरांना हेही सांगावे: “आमची म्हैस गाभडली होती, वार मी काढली.” कारण ब्रुसेला बाटलीत सावकाश वाढतो. आधी सूचना मिळाली तर प्रयोगशाळा सावधगिरीने आणि धीराने पाहते, रक्ताची वेगळी तपासणीही करते.

पेसमेकरची जागा

ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी आंघोळीच्या वेळी डबीवरची कातडी रोज पाहावी. तिथे लाली, ऊब, सूज, दुखणे, कातडी पातळ होऊन डबीची कड दिसणे, किंवा पाण्यासारखा स्राव येणे, यांपैकी काहीही दिसले तर ताप नसला तरी डॉक्टर गाठावा. ते बेंड आहे असे समजून शेकू नये, मलम चोपडू नये, सुईने पू काढू देऊ नये. जंतू यंत्राला लागलाच असेल तर डबी आणि तारा दोन्ही काढाव्या लागतात. नुसत्या औषधावर भागवले तर रोग बहुधा उलटतो. रक्त जंतूमुक्त झाल्यावर नवा पेसमेकर बहुधा दुसऱ्या बाजूला बसवतात. हे ऐकून धसका बसतो. पण वेळीच केले तर माणूस वाचतो.

सहा आठवड्यांची साधना

झडपेला जंतुसंसर्ग झाल्याचे ठरले, तर बहुधा सहा आठवडे शिरेतून औषध द्यावे लागते. मधूनमधून पुन्हा रक्त तपासतात, अन्ननलिकेतून नळी घालून हृदयाची सोनोग्राफी करतात. काहींची झडप पुन्हा बदलावी लागते. देवासहून इंदूर ३५-४० किलोमीटर, धारहून ६० च्या वर. कुक्षी किंवा खातेगावकडून तर बराच लांबचा पल्ला. तिथे महाराजा यशवंतराव रुग्णालयासारखे मोठे सरकारी रुग्णालय आहे. आयुष्मान योजनेचे कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय असते; ते कार्ड बरोबर न्यावे. तरीही ऐन सुगीत सहा आठवडे घरापासून दूर राहायचे, म्हणजे शेतकऱ्याच्या पोटावरच पाय येतो. ताप उतरला की अर्ध्यावर घरी परतण्याचा मोह तिथेच होतो. अशा वेळी शेजाऱ्यांनी, भाऊबंदांनी, पॅरिशमधल्या लोकांनी त्याचे पीक काढून द्यावे, जनावरांना चारा घालावा. तेही औषधच आहे.

याच देवासात कुमार गंधर्व आजारपणात राहिले होते. क्षयाने त्यांचे फुप्फुस पोखरले आणि गाणे बंद झाले. अनेक वर्षे ते अंथरुणाला खिळून होते. मग स्ट्रेप्टोमायसिन हे औषध मिळू लागले, आजार हटला आणि ते पुन्हा गाऊ लागले. नेमका जंतू, नेमके औषध आणि पुरा धीर या तीन गोष्टी जमल्या की काय घडते, हे देवासने पाहिलेले आहे. प्रतिजैविके नव्हती त्या काळात हृदयातला जंतुसंसर्ग म्हणजे बहुतेक मरणच होते. आज तसे नाही. मात्र औषध नेमके हवे, आणि त्यासाठी आधी रक्त हवे.

भिऊ नये

हे वाचून झडपवाल्याने रात्रंदिवस धास्तीत राहू नये. कृत्रिम झडप असलेल्या शंभर माणसांत वर्षाकाठी साधारण एखाद्यालाच हा रोग होतो. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले वर्ष अधिक जपण्याचे. ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत फक्त स्टेंटची नळी बसवली आहे, त्यांना हा धोका अगदीच क्वचित. आणि ज्यांच्या घरात शाळकरी मुले आहेत, त्यांनी मुलाचा ताप आणि घसादुखी अंगावर काढू नये. आज घशाचा नीट उपचार झाला, तर वीस वर्षांनी झडप बदलण्याची पाळी येणार नाही. ज्या मुलाला ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेला आहे त्याचे तीन-चार आठवड्यांनी द्यायचे पेनिसिलीनचे इंजेक्शन चुकवू नये.

कापून ठेवावे असे

१. झडप किंवा पेसमेकर असलेल्याला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा अधिक ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे.

२. दारातच सांगावे: “माझ्या हृदयात यंत्र आहे. प्रतिजैविक देण्याआधी ब्लड कल्चर घ्या.” तिथे सोय नसेल तर सोय असेल तिथे पाठवायला सांगावे.

३. घरात उरलेल्या किंवा शेजाऱ्याने दिलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या घेऊ नयेत.

४. थंडी वाजणे, रात्री घाम, भूक मंदावणे, वजन घटणे, नवीन दम लागणे, ही लक्षणे ताप सौम्य असला तरी गंभीर समजावीत.

५. बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, हातपाय लुळा पडला, तर क्षणही न दवडता मोठे रुग्णालय गाठावे.

६. यंत्राचे कार्ड आणि चालू औषधांची चिठ्ठी खिशात असावी. धार-देवासकडे दवाखान्यात हिंदी चालते. तिकडच्या वाचकांनी वरची दुसरी सूचना हिंदीतही लिहून घ्यावी.

७. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना नवे प्रतिजैविक सुरू झाले, तर रक्ताची तपासणी पुन्हा केव्हा करायची ते विचारावे. काही प्रतिजैविकांमुळे त्या गोळीचा जोर वाढतो.

आपल्या उदाहरणातला शेतकरी पहिल्या तापालाच इंदूरला गेला असता, तर दोन दिवस शेतातून गेले असते. कदाचित सहा आठवडेही गेले असते. पण पुढच्या श्रावणात त्याच्या उजव्या हातात विळा असता. या पानाच्या वाचकांपैकी कुणाच्या घरी, शेजारी, किंवा आपल्या पॅरिशमध्ये झडप वा पेसमेकर असलेले माणूस असेल, तर त्याला हा मजकूर वाचून दाखवावा. त्याला वाचता येत नसेल, तर तीनच शब्द पाठ करून घ्यावेत: आधी रक्त द्यायचे.